हाडाची मुदत

पहिली मुदतवाढ थोरल्याच्या उजव्या डोळ्याने मिळवून दिली, दुसरी धाकट्याच्या डाव्या तळपायाने. तिसरी कुठल्या अवयवाने मिळवून द्यायची हे ठरायच्या आत शनिवार उजाडला, आणि तारीख सोमवारची होती.

दोघे सख्खे भाऊ, धंद्याने लोहार. गावाच्या कडेला त्यांची एक भट्टी, एक ऐरण, एक घण. थोरला डाव्या हातातल्या सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीने जागा दाखवायचा. टिक, टिक. दुसऱ्या टोल्यानंतर धाकट्याचा घण नेमका त्याच जागी पडायचा. धाकटा बारा वर्षांचा होता तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात घण एकदाही बोटभर इकडेतिकडे गेला नव्हता. गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणायची, भाऊ दोन पण डोकं एक. धाकट्याला हे कौतुक आवडायचं नाही. ते एक डोकं कुणाचं, हे त्याला माहीत होतं.

बाप गेल्यावर महिन्याभरात तो म्हणाला, मला अर्धी भट्टी हवी, मधून भिंत घालू. आयुष्यभर दुसऱ्याने दाखवलेल्या जागी मारलं, आता माझी जागा मी बघीन. थोरल्याने विचारलं, ऐरणीचं काय? धाकटा म्हणाला, भिंत ऐरणीवरूनच जाईल. मग थोरल्याने सांडशी फेकून मारली, ती धाकट्याच्या बरगडीला लागली. धाकट्याने थोरल्याच्या कानाच्या पाळीचा एक तुकडा दातांनी काढून घेतला. दोघांनी आपापलं रक्त पुसलं आणि तालुक्याच्या दिवाणी कोर्टात गेले. गावातून बस एकच जाते, त्यामुळे एकाच बसने गेले.

धाकट्याचा दावा वाटणीचा होता. थोरल्याचं म्हणणं, बापाने जिवंतपणीच वाटणीपत्र केलं होतं. भट्टी थोरल्याला, राहतं घर मागच्या मोकळ्या जागेसकट धाकट्याला. हे म्हणणं खरं होतं. अडचण एवढीच की बापाला वाचता येत नव्हतं, आणि एका गारठलेल्या सकाळी ओला कोळसा पेटेना म्हणून त्याने कपाटातले हाताला लागले ते कागद भट्टीत घातले. त्यांत वाटणीपत्र होतं. त्या दिवशी दोघा भावांनी मिळून त्या आगीवर सात कुऱ्हाडी केल्या होत्या.

कागदाची दुसरी प्रत नोंदणी कचेरीत होती. तिची नक्कल जोडून थोरल्याने कैफियत, आपलं लेखी उत्तर, द्यायची, म्हणजे कोर्ट त्याची बाजू ऐकणार. मुदतीत नाही दिली तर त्याला न ऐकताच निकाल, म्हणजे ऐरणीवर भिंत. तोपर्यंत कोर्टाने 'जैसे थे' असा हुकूम दिला. दाव्याच्या दिवशी भट्टीत जे जसं चालू होतं, ते तसंच चालू ठेवायचं, बदल केला तर अवमान. दाव्याच्या दिवशी थोरला हातोडीने टोकत होता, म्हणजे जागा दाखवत होता, आणि धाकटा मारत होता. मग वादी आणि प्रतिवादी रोज सकाळी सातला भट्टीवर यायचे, एकमेकांशी एक शब्द न बोलता संध्याकाळपर्यंत एकाच लोखंडावर घाव घालायचे आणि तारखेला जाऊन एकमेकांना खोटं ठरवायचे.

त्या उन्हाळ्यात कोर्टात नवे साहेब आले. आधीचे साहेब मुदतवाढ अशी द्यायचे जसा दुकानदार पिशवीबरोबर दोरा देतो. नव्या साहेबांची ख्याती निःपक्षपाती म्हणून होती, आणि ती खोटी नव्हती. ते पाणी घरून आणायचे. पट्टेवाल्याकडून मोजपट्टीने मोजून त्यांनी आपली खुर्ची दोन्ही पक्षांच्या बरोबर मध्ये सरकवून घेतली. पंख्याचा वारा वादीकडे जास्त जातो असं आढळल्यावर त्यांनी पंखा बंद केला आणि सगळ्यांना सारखा घाम येऊ दिला. पक्षकारांच्या तोंडाकडे ते कधी बघायचे नाहीत. चेहरा बघितला की माणूस कळतो, आणि माणूस कळला की न्याय वाकडा होतो, असं त्यांचं मत होतं. ते फक्त कागद बघायचे.

त्यांनी आल्या आल्या दारावर सूचना लावली. मुदतवाढ केवळ गंभीर, ताज्या आणि दिसून येणाऱ्या शारीरिक कारणासाठी. एकदा वापरलेली दुखापत पुन्हा चालणार नाही. यामागे हेतू चांगला होता. पोटदुखीचे आणि चक्करचे खोटे दाखले त्यांना बंद करायचे होते, आणि ते बंद झालेही. महिन्याभरात दिवाणी कोर्टाच्या आवारात फौजदारी कोर्टापेक्षा जास्त पट्ट्या दिसायला लागल्या. बांधाच्या दाव्यातला एक म्हातारा दोन बोटं कमी घेऊन आला. विहिरीच्या दाव्यातल्या दोन जावांनी एकमेकींची डोकी फोडली आणि दोघींना सारखीच मुदत मिळाली.

थोरल्याचा डोळा मात्र खरोखरच अपघातात गेला. नांगराचा फाळ ठोकताना लोखंडाचा कपचा उडाला आणि बुबुळात रुतला. दवाखान्यातल्या बाईने तो चिमट्याने काढला, डोळ्यातलं पाणी गालावर आलं ते लाल होतं. साहेबांनी दाखला वाचून तीस दिवस दिले. पुढच्या तारखेला धाकट्याची साक्षीदारांची यादी तयार नव्हती. त्याने मुदत मागितली. साहेबांनी विचारलं, दुखापत? दाखला नव्हता. साहेबांनी एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी धाकटा तळपायाला केळीच्या सोपटासारखी लोंबणारी कातडी घेऊन हजर झाला. विझवायला ठेवलेल्या फाळावर पाय पडला, असं दाखल्यात होतं. थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, भट्टीचा भाता तिच्याकडे, ती म्हणाली की पाय पडला नाही, ठेवला. तिने बघितलं होतं. भावजींनी आधी चप्पल काढली होती. साहेबांनी धाकट्यालाही तीस दिवस दिले. डोळ्याला तीस देऊन तळपायाला एकोणतीस देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

तर आता सोमवार थोरल्याचा शेवटचा. दोन वर्षांच्या हेलपाट्यांनंतर नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने त्याला पहिल्यांदाच पान काढून दाखवलं होतं. पानावर बापाचा अंगठा होता, शाई जरा पसरलेली, अंगठ्याच्या मधोमध भाजल्याचा वण उमटलेला. थोरल्याने तो लगेच ओळखला. पण सहीचे अधिकारी गुरुवारी येणार होते. नक्कल गुरुवारी. कोर्टाची मुदत सोमवारी. त्याने वकिलाला विचारलं, एवढंच साहेबांना सांगितलं तर? वकील म्हणाला, सांगू की, पण कचेरीतल्या अधिकाऱ्याची रजा म्हणजे काही तुमच्या शरीराचा भाग नाही. मग त्याने सूचना पुन्हा वाचून दाखवली आणि थोरल्याकडे वरपासून खालपर्यंत असं बघितलं, जसं शिंपी कापडाकडे बघतो.

"मिस्त्री, मी तुम्हाला काहीही सुचवत नाही," वकील म्हणाला. "फक्त यावेळी सूज चालणार नाही. हाड पाहिजे. एक्सरेत दिसतं."

शनिवारी दुपारी थोरल्याने बायकोला सांगितलं. ती पोळपाट धूत होती, तो तिने धुऊन भिंतीला टेकवला, हात पुसले, आणि कुठला हात म्हणून विचारलं. डावा, तो म्हणाला. उंबऱ्यावर हात ठेवून तो खाली बसला. तिने आधी पहार घेतली, ती जड म्हणून परत ठेवली, मग मुसळ घेतलं. पंचवीस वर्षं तिने भात्याची साखळी ओढली होती, दंड पुरुषासारखे झाले होते. तिने मुसळ उचललं आणि खाली आणलं, पण हाताजवळ येता येता तिचे दंड आपोआप सैल पडले. तिने पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा ती नवऱ्याला शिव्या देत होती, पंचवीस वर्षांतल्या एकेका गोष्टीची आठवण काढून जोर आणायचा प्रयत्न करत होती, आणि तोही तिला आठवणी पुरवत होता. त्याच्या आईने तिला हाकलून दिलं तेव्हा तो गप्प बसला होता, ही त्यानेच आठवण करून दिली. तो घाव बरा बसला.

दवाखान्यातल्या प्लास्टरवाल्याने एक्सरे उजेडाकडे धरला. या माणसाने गेल्या दोन महिन्यांत इतकं प्लास्टर घातलं होतं की त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. तो हसला. हाड शाबूत आहे, म्हणाला, हा घरचा मार दिसतो. त्याने बाकावर बसलेल्या बाकीच्यांना तो एक्सरे दाखवला आणि तेही हसले. बाकावरच्या पाचांपैकी तिघांच्या तारखा सोमवारी होत्या.

थोरल्याने परत येऊन भट्टीचं लोखंडी दार हातावर आपटून घेतलं. दार आपटताना माणूस हात मागे घेतो. घ्यायचा नाही असं ठरवूनही घेतो. चार वेळा आपटल्यावर त्याच्या मनगटाची साल निघाली आणि दाराची बिजागरी तुटली.

रविवारी काम होतंच. पेरणी तोंडावर होती, दाराशी बोथट फाळांचा ढीग पडला होता आणि हुकुमात रविवारची सुट्टी नव्हती. थोरली भाता ओढत होती. उन्हाची आणि भट्टीची धग एकमेकींत मिसळून पत्र्याखाली हवा थरथरत होती. थोरला सुजलेल्या हाताने सांडशी धरत होता, ती दर घावाला त्याच्या मुठीत फिरत होती, आणि धाकटा ते बघत होता पण बोलत नव्हता. धाकट्याचा पाय अजून ओला होता, त्याला बांधलेल्या फडक्यातून पाणी येत होतं. बावीस फाळ झाले. शेवटचा फाळ पाण्याच्या कुंडीत फुसफुसत गेला तेव्हा थोरल्याने सांडशी खाली ठेवली. एक पोतं कुंडीत बुचकळून त्याने ऐरणीवर अंथरलं, त्यातून वाफ निघाली. वाफ कमी झाल्यावर त्याने डावा हात पोत्यावर ठेवला.

दोन वर्षांत तो पहिल्यांदा धाकट्याशी बोलला.

"मनगटाच्या वर चार बोटं. इथे दोन हाडं असतात. मला एकच मोडायचंय."

धाकटा घण जमिनीला टेकवून उभा होता. त्याने वहिनीकडे बघितलं. ती निखाऱ्यांकडे बघत भाता ओढत होती.

"उद्या मी जिंकतोय, दादा," धाकटा म्हणाला. "मी का मारू?"

थोरला म्हणाला, तू नको मारू. मग मी सुताराला बोलावतो. सुताराचा नेम दोघांना माहीत होता. त्याने एकदा खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या मांडीला खिळा ठोकला होता. धाकट्याला हसू आलं, ते त्याने नाकातून सोडून दिलं. मग तो म्हणाला, तो तुझा पंजा चेचेल. मग सांडशी कशाने धरशील?

"म्हणून तर तुला सांगतोय."

धाकट्याने मान हलवली. मी मारणार नाही, तो म्हणाला. हे शहाणपणाचं होतं. कायद्याने, व्यवहाराने, सगळ्याच बाजूंनी त्याने न मारणंच फायद्याचं होतं. त्याने नुसतं घरी जाऊन जेवायचं होतं. पण हात मात्र घणाच्या दांड्यावर तसेच होते, एक वर, एक खाली.

थोरल्याने उजव्या हाताने हातोडी उचलली आणि आपल्याच हातावर, मनगटाच्या वर चार बोटं, जागा दाखवली.

टिक. टिक.

घण पडला.

धाकट्याने काही ठरवलं नव्हतं. त्याच्या खांद्यांनी ठरवलं, कमरेने ठरवलं, तीस वर्षांच्या दुसऱ्या टोल्याने ठरवलं. आवाज लोखंडासारखा नव्हता. हिरवी फांदी पिळून तोडावी तसा, थोडा ओला. घण ऐरणीपर्यंत गेलाच नाही, हाड मोडेल एवढाच गेला आणि वर उचलला गेला. कच्चं लोखंड दबायला लागतो तेवढाच. थोरल्याचा हात मध्येच एका नव्या सांध्यातून वाकला. टोकलेल्या जागेपासून गव्हाच्या दाण्याएवढाही फरक नव्हता.

"बरोबर पडला," थोरला म्हणाला, आणि कोसळला. पडताना त्याचा गाल ऐरणीच्या कोपऱ्याला लागून फाटला, तो हिशोबात नव्हता. थोरली भाता ओढतच राहिली. भट्टीतला उरलेला कोळसा पांढरा होईपर्यंत ती ओढत राहिली, कुणीतरी थांब म्हणेल याची वाट बघत. धाकटा कुंडीवर वाकला आणि बावीस फाळ विझलेल्या त्या पाण्यात ओकला. मग त्यानेच भावाला उठवून बसवलं, फाळाचं पान आणि घोंगडीची चिंधी लावून हात बांधला, आणि बसस्टॉपपर्यंत नेलं. एका पायाने लंगडत.

प्लास्टरवाल्याने एक्सरे उजेडाकडे धरला आणि यावेळी तो हसला नाही. एकच हाड, आणि किती सरळ, असं म्हणून त्याने विचारलं, हे कुणी केलं? थोरला म्हणाला, भावाने. प्लास्टरवाला म्हणाला, माणूस कसबी आहे. बोटांचं मात्र तो काही सांगेना. दोन बोटं मिटत नव्हती. नस असेल, तो म्हणाला, बघू.

सोमवारी कोर्टात पंखा बंद होता. नाव पुकारल्यावर थोरला पुढे गेला. प्लास्टर खांद्यापर्यंत, गालाला सहा टाके, डोळा अजून लाल. एक्सरेचं पाकीट त्याला एका हाताने उघडेना. ते धाकट्याने उघडलं, आतला काळा कागद काढून पट्टेवाल्याकडे दिला. अर्जावर सही करायची होती तेव्हा कागद टेबलावरून घसरत होता. धाकट्याने तो तळहाताने दाबून धरला. वादीने प्रतिवादीचा मुदतवाढीचा अर्ज दाबून धरला आहे, हे कारकुनाने बघितलं आणि काय लिहावं ते न कळून काहीच लिहिलं नाही.

साहेबांनी एक्सरे वाचला. दाखला वाचला. अस्थिभंग, डावा हात, घणाचा आघात, ताजा. तीस दिवस, असं त्यांनी सांगितलं आणि कारकुनाने ते टिपलं. थोरल्याने मनात हिशोब केला. गुरुवारी नक्कल, शुक्रवारी कैफियत. ऐरण वाचली.

प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण पाकीट परत घेताना थोरल्याचं प्लास्टर टेबलाच्या कडेला आपटलं आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. मोठा नव्हता. साहेबांनी चार महिन्यांत पहिल्यांदाच मान वर केली. त्यांनी थोरल्याचा फाटलेला गाल बघितला, मग त्याच्या कोपराखाली धरलेला धाकट्याचा हात बघितला. दोघांचे हात सारखेच होते, नखांत सारखाच कोळसा.

"फार दुखतंय का?" साहेबांनी विचारलं.

धाकट्याचा वकील ताडकन उभा राहिला. हा तरुण माणूस हुशार होता आणि त्याला संधी कळत होती. तो म्हणाला, माननीय न्यायालयाने एका पक्षाला विचारपूस केली आहे, दुसऱ्या पक्षाला केलेली नाही. माझ्या अशिलाचा पायही भाजलेला आहे, तो दुखतो का, असं कधी विचारण्यात आलं नाही. याची नोंद व्हावी. धाकटा त्याचा कोट मागून ओढत होता, खाली बसा म्हणत होता. वकिलाने कोट सोडवून घेतला.

 साहेबांच्या कपाळावर घाम होता, तो सगळ्यांच्याच कपाळावर होता. ते स्वतःशी खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि कारकुनाला सांगायला सुरुवात केली. आपल्या मनात प्रतिवादीबद्दल दया उत्पन्न झाली आहे. अशा स्थितीत हे प्रकरण आपल्यापुढे राहणं योग्य नाही. आज दिलेली मुदतवाढ दयेच्या छायेत आल्यामुळे रद्द. कागदपत्रं मुख्य न्यायाधीशांकडे जावीत, त्यांनी दुसरे न्यायाधीश नेमावेत. तोवर कुणाचीही मुदत मोजली जाणार नाही. ती नवे न्यायाधीश बसल्यावर पहिल्या दिवसापासून मोजावी. 'जैसे थे' मात्र चालू राहील. एवढं सांगून ते उठले आणि आपली पाण्याची बाटली घेऊन आत गेले.

बाहेर व्हरांड्यात थोरल्याच्या वकिलाला आनंद लपवता येत नव्हता. वर्षभर तरी नवे न्यायाधीश बसत नाहीत, तो म्हणाला, आणि बसल्यावर पुन्हा पूर्ण मुदत. या कोर्टाच्या इतिहासात एवढी मोठी मुदतवाढ कुणाला मिळालेली नाही, आणि तीही दाखल्याशिवाय.

थोरल्याने प्लास्टरकडे बघितलं. मग हाताचं काय, म्हणून विचारलं.

"हात रेकॉर्डवर आहे," वकील म्हणाला.

बस भरलेली होती. एकच जागा रिकामी होती, तिच्यावर थोरला बसला आणि धाकटा त्याच्या बाजूला दांडीला धरून उभा राहिला.  गुरुवारी थोरलीने कचेरीत जाऊन नक्कल आणली. तिच्यावर बापाचा अंगठा स्पष्ट आला होता. ती तिने पत्र्याच्या पेटीत, भट्टीपासून लांबच्या खोलीत ठेवली.

त्याआधी, कोर्टाच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी सातला धाकटा भट्टीवर आला होता. फाळ अजून अठरा बाकी होते. थोरलीने भाता चांगला भरला, मग पुढे येऊन नवऱ्याच्या जागी उभी राहिली आणि सांडशी धरली. तापून पांढरा झालेला फाळ तिने ऐरणीवर ठेवला. थोरल्याने उजव्या हाताने हातोडी उचलली.

टिक. टिक.

घण वरच राहिला. धाकट्याचे डोळे टोकलेल्या जागेवर होते आणि हात डोक्याच्या वर. फाळ लाल झाला, मग विटकरी. थोरल्याने पुन्हा टोकलं.

"भावजी," थोरली म्हणाली. "लोखंड थंड होतंय."

घण पडला. टोकलेल्या जागेपासून चार बोटं बाजूला. फाळाची कड दुमडली आणि सांडशी थोरलीच्या हातातून सुटता सुटता राहिली.

धाकट्याने त्या दुमडलेल्या कडेकडे बघितलं.   थोरल्याने प्लास्टरबाहेरच्या, मिटता येणाऱ्या तीन बोटांनी सांडशीचं टोक धरून बायकोला आधार दिला, फाळ उलटा केला आणि परत भट्टीत घातला.